कायम वाफशावर असलेलं मैदान

आमच्या चिखलीच्या नावातच चिखल आहे, आणि जुलै महिन्यात ते नाव कुणाला समजावून सांगावं लागत नाही. रात्रभर पाऊस झाला की सकाळी वावरात पाय टाकायचा नाही, हे इथलं लहान मूलही जाणतं. टाकलाच तर चपलेसोबत शेरभर काळी माती घरी येते. मग वाट बघायची वाफशाची. वरचं पाणी खाली उतरतं, माती मुठीत दाबली की गोळा होतो पण बोटांना चिकटत नाही, वखर-डवऱ्याला ती भुसभुशीत लागते. तेव्हा म्हणायचं, वाफसा आला. कधी दोन दिवसांत येतो, कधी आठवडा जातो. सोयाबीन असो, तूर असो की पऱ्हाटी, आमच्याकडच्या शेतीचं निम्मं वेळापत्रक या एका शब्दाभोवती फिरतं.

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सेंट अँड्र्यूज गावातल्या गोल्फ मैदानाविषयी वाचायला लागलो तेव्हा मला पहिल्यांदा हाच शब्द आठवला. त्या भागात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आमच्या बुलढाणा जिल्ह्याच्या पावसापेक्षा हा आकडा फार वेगळा नाही. आपल्याकडे तो चार महिन्यांत कोसळतो, तिकडे बाराही महिने झिमझिमत राहतो, एवढाच फरक. म्हणजे तिकडे बारमाही चिखल असायला हवा. पण तिथल्या ‘ओल्ड कोर्स’वर पाऊस थांबला की थोड्याच वेळात लोक खेळायला लागतात. बूट रुतत नाहीत, चेंडू जमिनीवर आपटून टणकन उसळतो आणि पुढे घरंगळत जातो. ते मैदान कायम वाफशावर असतं, कारण त्याच्या पोटात वाळू आहे.

अशा मैदानाला ‘लिंक्स’ म्हणतात. समुद्र आणि शेती यांना जोडणारा दुवा म्हणून लिंक्स, असं स्पष्टीकरण बऱ्याचदा दिलं जातं. ते ऐकायला छान असलं तरी खरं नाही. जुन्या इंग्रजीत ‘हलिंक’ म्हणजे उंचवटा, टेकाड. स्कॉटलंडमध्ये तो शब्द किनाऱ्यालगतच्या उंचसखल, रेताड, गवताळ पट्ट्याला चिकटला. पुळण संपते तिथपासून नांगर चालतो तिथपर्यंतची जमीन ती लिंक्स. खेळ तिथे नंतर आला. पुढे इंग्रजांच्या राज्यात कुठल्याही गोल्फ मैदानाला लिंक्स म्हणायची सवय पडली. दिल्लीत समुद्राचा वाराही पोचत नाही, तरी तिथे ‘गोल्फ लिंक्स’ नावाची वसाहत आहे. जगात गोल्फची हजारो मैदानं असली, तरी खऱ्या अर्थाने लिंक्स म्हणावीत अशी शंभरातलं एक भरणंही कठीण.

ही जमीन घडली कशी? शेवटच्या हिमयुगात स्कॉटलंडवर बर्फाचे जाड थर होते. बर्फ वितळला, ओझं उतरलं, आणि दाबून धरलेली उशी सोडल्यावर फुगावी तशी तिथली जमीन हळूहळू वर येऊ लागली. समुद्र मागे हटला. जिथे लाटा फुटत होत्या तिथे रिकामे किनारे उरले, एकापुढे एक, पायऱ्यांसारखे. नद्यांनी आणि भरती-ओहोटीने आणून टाकलेली वाळू वाऱ्याने उचलली आणि त्या पायऱ्यांवर ढीग घातले. मग मॅरम नावाचं एक चिवट गवत त्या ढिगांवर उगवलं. या गवताचं वैशिष्ट्य असं की वाळूने गाडलं की ते मरत नाही, उलट जोमाने वर येतं. त्याच्या मुळांच्या जाळ्यात वाळू अडकते, ढीग वाढतो, गवत पुन्हा वर येतं. अशी काही हजार वर्षं गेली. समुद्रापासून थोडं आत, जिथे वाळूची हालचाल थंडावली, तिथे बारीक गवताचा गालिचा पसरला. ओल्ड कोर्सवर आज चालताना पायाखाली जे उंचवटे आणि खळगे लागतात, त्यांतले पुष्कळसे कुणी यंत्राने कोरलेले नाहीत.

आपली काळी माती बसाल्ट खडक झिजून तयार झालेली, तिच्यात चिकणमातीचा अंश भरपूर. तिचे कण इतके बारीक आणि पाण्याला इतके हपापलेले की पाणी मिळालं की ते फुगतात, आणि उन्हाळ्यात आकसले की वावराला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ती पाणी धरून ठेवते म्हणून तर पाऊस गेल्यावर नुसत्या ओलीवर आपला हरभरा येतो. वाळूचा स्वभाव याच्या अगदी उलट. तिचे कण मोठे, एकमेकांना न चिकटणारे. मधल्या पोकळीतून पाणी सरळ खाली जातं. ना ती फुगते, ना भेगाळते. पाण्याबरोबर खतही खाली वाहून जातं, म्हणून ती कायमची उपाशी.

आणि हे उपाशीपणच लिंक्सचं खरं भांडवल आहे. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. कसदार, ओलसर जमिनीत गवत लुसलुशीत वाढतं. त्यावर चेंडू पडला की गादीवर पडल्यासारखा जागच्या जागी थांबतो. लिंक्सवर टिकतात ती फेस्क्यू आणि बेंट जातीची गवतं: सुईसारखी बारीक, संथ वाढणारी, पाण्याच्या शोधात मुळं खोल नेणारी. उन्हाळ्यात ती पिवळट-तपकिरी पडतात, आणि तिथल्या जाणत्यांना मैदान असं पिवळं दिसलं की आनंद होतो. त्यावर चेंडू पडला की दहा-वीस पावलं, कधी त्याहून जास्त धावतो. या मैदानाला युरिया देऊन रोज पाणी पाजलं, तर ते हिरवंगार होईल आणि खेळापुरतं मरेल. कारण खतपाण्याला चटावलेलं दुसरंच मऊ गवत तिथे शिरतं आणि फेस्क्यूला हुसकावून लावतं. वावर बरड निघालं म्हणून आपल्याकडे पोरीचं स्थळ नाकारलं जातं. तिकडे बरडपणा जपायला माणसं पगारावर ठेवली आहेत.

त्या माणसांचा मूळपुरुष म्हणजे टॉम मॉरिस. जन्म १८२१, मृत्यू १९०८. बापलेक दोघेही नामांकित खेळाडू आणि दोघांचं नावही एकच, म्हणून याला ‘ओल्ड टॉम’ म्हणतात. १८६४ पासून जवळजवळ चाळीस वर्षं त्याने सेंट अँड्र्यूजच्या मैदानाची निगा राखली. त्याचा मुख्य उपाय एकच होता: गवतावर पुन्हापुन्हा वाळू पसरणे. प्रेस्टविकच्या मैदानावर काम करताना वाळूची हातगाडी चुकून उलटली आणि नेमकं तिथलंच गवत उत्तम आलं, तिथून त्याला हे सुचलं, अशी आख्यायिका सांगतात. गवताला खाऊ घालायची ती वाळू, हे ऐकून आमच्याकडचा कुणी म्हातारा शेतकरी मान हलवेल. पण वाळूचा पातळ थर पृष्ठभाग सपाट ठेवतो, पाण्याची वाट मोकळी ठेवतो आणि गवताला नवे फुटवे फुटायला जागा देतो. आज जगभर, काळ्या मातीवरच्या मैदानांवरसुद्धा, हीच पद्धत चालते.

पण माणसांच्या आधीही तिथे मजूर होतेच. सशांनी आणि मेंढ्यांनी गवत खुरटं राखलं. समुद्रावरून येणाऱ्या बोचऱ्या वाऱ्यापासून आडोसा शोधत मेंढ्या खळग्यांत दाटीवाटीने बसायच्या, त्यांच्या खुरांनी गवत निघायचं, सशांची बिळं ढासळायची, आणि वारा उघडी वाळू आणखी कोरायचा. गोल्फमध्ये ज्याला ‘बंकर’ म्हणतात, त्या वाळूच्या खड्ड्यांचा जन्म असा सांगितला जातो. उघडी ठेवली तर त्यांची कड वाऱ्याने पसरत जाते, म्हणून आता ती गवताच्या चपट्या ढेकळांचे थर एकावर एक रचून बांधून काढतात. धुऱ्यावर दगडांची ताल घालतो तसंच काम, फक्त दगडाऐवजी गवत. ओल्ड कोर्सवर असे ११२ बंकर आहेत असं मानतात, आणि प्रत्येकाला घराण्यातल्या माणसासारखं नाव आहे. चौदाव्या होलच्या वाटेवरच्या अवाढव्य खड्ड्याचं नाव ‘हेल’, म्हणजे नरक.

मेंढ्या चरायच्या, कारण ती जागा गावाची होती. विदर्भात अशा सार्वजनिक जमिनीला आपण ‘ई-क्लास’ म्हणतो. बाकी महाराष्ट्र गायरान म्हणतो. सेंट अँड्र्यूजची लिंक्स म्हणजे त्या गावाची ई-क्लास. १५५२ साली तिथला आर्चबिशप जॉन हॅमिल्टन याने सनद दिली. त्यात आपल्याला सशांची पैदास करायची मुभा गावकऱ्यांनी दिली, आणि बदल्यात गावकऱ्यांचा तिथे गोल्फ, फुटबॉल आणि इतर खेळ खेळण्याचा हक्क लिहून मान्य झाला. लोक तिथे गुरं चारत, छपरांसाठी गवताची ढेकळं कापून नेत, कपडे वाळत घालत. एकोणिसाव्या शतकातल्या स्थानिक नियमांत तर चेंडू धुणाऱ्या बायांच्या कपड्यांवर पडला तर काय करायचं, याचीही तरतूद होती: कपडे चेंडूखालून हळूच ओढून घ्यायचे. गोल्फ म्हणजे भिंतीआडचा श्रीमंतांचा खेळ ही आपली समजूत आपल्याकडच्या अनुभवाने झालेली आहे आणि आपल्यापुरती ती चूक नाही. पण त्या खेळाचा जन्म गायरानात झाला, हेही तितकंच खरं. त्या सनदेच्या आधी जवळजवळ शंभर वर्षं, १४५७ साली, स्कॉटलंडच्या संसदेने गोल्फ आणि फुटबॉलवर बंदी घालून पाहिली होती. पोरं धनुर्विद्येचा सराव सोडून चेंडूमागे धावतात ही राजाची तक्रार. ज्या खेळाने सैन्यभरतीची काळजी पडावी, तो मूठभर सरदारांचा असणं शक्य नाही.

गायरानाच्या नशिबी जे येतं ते या मैदानाच्याही नशिबी आलं. १७९७ साली नगरपालिका कर्जात बुडाली आणि तिने जमीन हातची घालवली. ज्या व्यापाऱ्यांकडे ती गेली त्यांनी मांस आणि कातड्यासाठी सशांची व्यापारी पैदास सुरू केली. मैदानाची चाळण झाली. गावकरी आणि गोल्फपटू एका बाजूला, ससेवाले दुसऱ्या बाजूला. सुमारे वीस वर्षं मारामाऱ्या आणि कोर्टकचेऱ्या चालल्या. १८२१ मध्ये जेम्स चीप या जमीनदाराने, जो स्वतः गोल्फपटू होता, ती जमीन विकत घेऊन खेळ वाचवला. शेवटी १८९४ मध्ये संसदेच्या कायद्यान्वये ती पुन्हा गावाच्या मालकीची झाली. १९७४ पासून एक न्यास तिचा कारभार पाहतो. मैदानाच्या कडेला जी भारदस्त दगडी इमारत सगळ्या छायाचित्रांत दिसते ती ‘रॉयल अँड एन्शंट’ या खासगी क्लबची; पण मैदान त्या क्लबचं नाही. बहुतेक रविवारी ओल्ड कोर्सवर गोल्फ बंद असतो. त्या दिवशी गावातली माणसं कुत्र्यांना घेऊन, पोरांच्या गाड्या ढकलत त्याच गवतावरून फिरतात, जिथे आदल्या दिवशी कुणी जपानहून किंवा अमेरिकेहून सोडतीत नंबर लागून खेळून गेलेला असतो. बुलढाणा जिल्ह्यातल्या किती ई-क्लास जमिनी गेल्या पन्नास वर्षांत अतिक्रमणात विरल्या, हे डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाला या गोष्टीचा हेवा वाटतो, आणि मला तो मोकळेपणाने वाटतो.

गोल्फमध्ये अठराच होल का, याचंही उत्तर याच जमिनीच्या आकारात आहे. समुद्रकाठची पट्टी चिंचोळी, दोन्ही बाजूंनी गॉर्स नावाच्या पिवळ्या फुलांच्या काटेरी झुडपांची दाटी. त्यामुळे खेळत खेळत टोकापर्यंत जायचं आणि त्याच वाटेने, तेच होल उलट्या क्रमाने खेळत परतायचं. असं एका फेरीत बावीस होत. १७६४ साली सुरुवातीचे चार छोटे होल जोडून दोन केले. जाताना दोन कमी, येताना दोन कमी, उरले अठरा. पुढे त्या गावाचा मान वाढला आणि सगळ्यांनी तोच आकडा घेतला. १८६० साली प्रेस्टविकला पहिली ‘ओपन’ स्पर्धा झाली तेव्हा आठ खेळाडू होते आणि मैदान बारा होलचं होतं. जाणाऱ्या-येणाऱ्यांची गर्दी वाढली तशी ओल्ड कोर्सवर एकाच हिरवळीवर दोन होल पाडले गेले, आणि अशा सात जोडहिरवळी आजही आहेत. गंमत अशी की प्रत्येक जोडीतल्या होलच्या क्रमांकांची बेरीज अठराच येते: दुसरा आणि सोळावा, तिसरा आणि पंधरावा, असं आठव्या-दहाव्यापर्यंत.

खेळण्याची रीतही जमिनीनेच ठरवली. वारा असा की उंच मारलेला चेंडू कुठे जाऊन पडेल सांगता येत नाही. म्हणून जाणता खेळाडू चेंडू खाली ठेवतो, लांबून जमिनीवर टाकतो आणि उंचवट्यांच्या उतारावरून वळण घेत होलकडे जाऊ देतो. लहानपणी गल खणून गोट्या खेळलेल्या माणसाला हे लगेच कळेल. गोटी नेम धरून मारायची की जमिनीच्या उताराच्या भरवशावर सोडायची, हा हिशोब आपण पायाच्या अंगठ्याने जमीन चाचपून करत होतो. आणि उंचवट्यावर नीट पडलेला चेंडू कधीकधी उगाच वळून बंकरमध्ये जातो. अमेरिकेचा बॉबी जोन्स १९२१ साली पहिल्यांदा सेंट अँड्र्यूजला आला. तिसऱ्या फेरीत अकराव्या होलच्या बंकरमध्ये इतका वैतागला की त्याने स्पर्धाच सोडली. सहा वर्षांनी त्याच मैदानावर तो ओपन जिंकला, आणि १९५८ मध्ये त्या गावाने त्याला मानद नागरिक करून घेतलं. १९७८ मध्ये जपानच्या त्सुनेयुकी नाकाजिमाचा चेंडू सतराव्या होलवर हिरवळीवरून घरंगळत बंकरमध्ये उतरला. बाहेर काढता काढता त्या एका होलला नऊ फटके लागले. उलट २००० साली टायगर वुड्स चार दिवस, बहात्तर होल खेळला आणि त्या ११२ खड्ड्यांपैकी एकातही त्याचा चेंडू गेला नाही. जमीन वाचणं म्हणतात ते हेच.

आपल्याकडे हा खेळ लवकर आला. कोलकात्याचा क्लब १८२९ चा, मुंबईचा १८४२ चा. दोन्ही जगातल्या बहुतेक देशांच्या आधीचे. मुंबईच्या गोल्फपटूंनी दिलेलं ‘बॉम्बे मेडल’ अजून सेंट अँड्र्यूजच्या क्लबच्या वसंतातल्या स्पर्धेत दिलं जातं. नाशिकलाही इंग्रज अधिकारी खेळत असत. खेळ गेला, नाव राहिलं: आज जे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आहे, जिथे रणजीचे सामने होतात आणि पहाटे अर्धं शहर फिरायला येतं, त्याला नाशिककर अजून ‘गोल्फ क्लब’च म्हणतात. गोल्फचं मैदान गायरानासारखं सर्वांसाठी खुलं झाल्याचं आपल्याकडचं हे उदाहरण मला फार आवडतं.

मग सातशे किलोमीटरचा आपला किनारा असताना खरी लिंक्स का नाही? कोकणात सह्याद्रीचे फाटे थेट समुद्रात उतरतात. खडकाळ कडे, मध्ये खाडी, मध्ये छोटीशी पुळण, तिच्यामागे लगेच माड-पोफळीची वाडी. गवताळ वाळूची रुंद पट्टी मुळात कमी. त्यात पावसाळ्यात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस, आणि फेस्क्यूला न सोसणारी उष्णता. गोव्यात वार्क्याला समुद्रालगत नऊ होलचं मैदान आहे, पण ते हॉटेलच्या आवारातलं, माडांच्या सावलीतलं. देखणं असलं तरी लिंक्स नव्हे. उष्ण देशांत गोल्फसाठी लावतात ते बर्म्युडा ग्रास. म्हणजे कोण, तर आपली हराळी! गणपतीला वाहतो त्या दूर्वा. ज्या हराळीच्या काशा वेचता वेचता आमच्या पिढ्यांची कंबर गेली, तिच्याच संकरित जाती जगभरच्या मैदानांवर लाडाकोडात वाढवल्या जातात.

कोकणात वाळूची टेकडी पाहायची तर दापोली तालुक्यातल्या केळशीला. डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांना तिच्या थरांत खापरं, नाणी, कोळसा सापडला. ती रचण्यात एखाद्या त्सुनामीचा वाटा असावा असंही काहींनी मांडलं. तिच्यासारख्या टेकड्यांवर मॅरमचं काम आपल्याकडे मर्यादवेल करते. जांभळ्या फुलांची ही वेल भरतीच्या रेषेजवळ पसरते आणि वाळू धरून ठेवते. समुद्राची मर्यादा दाखवणारी म्हणून मर्यादवेल, इतकं नेमकं नाव मॅरमला त्याच्या देशात मिळालेलं नाही.

वाळू धरून ठेवावी, पण किती? स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबर्डीनजवळ मेनी इथे वाऱ्यासोबत सरकत राहणाऱ्या टेकड्यांचा दुर्मीळ पट्टा होता. २०१२ मध्ये तिथे आलिशान गोल्फ मैदान उघडलं. गवत लावून टेकड्या जागेवर खिळवल्या गेल्या. त्यांचं सरकत राहणंच जपण्याजोगं होतं, ते थांबलं म्हणून २०२० मध्ये त्या भागाचा संरक्षित दर्जा निघाला.

स्कॉटलंडमधल्याच मॉन्ट्रोज गावाला नेमकी उलटी अडचण आहे. १५६२ पासून तिथे गोल्फ खेळल्याची नोंद आहे. डंडी विद्यापीठाच्या अभ्यासानुसार गेल्या तीसेक वर्षांत तिथे समुद्र सुमारे सत्तर मीटर आत आला. काही होल आत सरकवावे लागले. पण आणखी किती सरकणार? मागे गाव आहे. आणि ज्या किनाऱ्यांवर मागे गाव नाही तिथे शेतं आहेत, चांगली कसदार, बार्लीची. त्या मातीत पाऊस पडला की वाफशाची वाट बघावी लागते.